कुणाचीच हरकत नव्हती

८ जानेवारी, मंगळवार

हरलो. नऊ-एक. आपला एक गोल झाला तोही त्यांच्याच खेळाडूच्या स्केटला लागून. रबरी चकती ज्याच्या सर्वांत जवळ होती त्या आपल्या मुलाचं नाव भोंग्यावरून जाहीर झालं. त्याने हात वर केला नाही, बर्फाकडे बघत राहिला. चांगल्या घरातला मुलगा.

संघात अकरा मुलं. सहा बर्फावर, पाच बाकावर धापा टाकत. समोरच्यांकडे बाकावर जागा पुरत नव्हती.

माझ्या खाण्यापिण्याच्या काउंटरवर कॉफीच्या दोन मोठ्या किटल्या संपल्या, पॉपकॉर्न थोडं करपलं. ऑर्लिन स्कौग नेहमीप्रमाणे काउंटरच्या टोकाला, बर्फाच्या रिंककडे पाठ करून, पहिल्या सत्रापासून तिसऱ्यापर्यंत उभा. मध्यंतरात रांग लागते म्हणून बाजूला होतो, मध्यंतर संपलं की परत येतो. बायको गेल्यावर शेत मुलीला देऊन सहा वर्षांपूर्वी तो गावात राहायला आला, तेव्हापासून घरचा एकही सामना त्याने चुकवलेला नाही. हॉकीचा एवढा नाद असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आवरताना केसलरबाई आल्या. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी पूर्वेकडून कुठूनतरी आल्या. मनात येईल ते बोलतात आणि दुसऱ्याने बोललेलं खरं धरतात. म्हणाल्या, "आर्डिस, तीन मुलं यंदा शाळेतून बाहेर पडतील. पुढच्या वर्षी आठ उरतात. आठ मुलांचा हॉकी संघ चालवू नये असं माझं मत आहे. ज्यांना खेळायचंच असेल त्यांनी शेजारच्या पाइन पोर्टेजच्या संघात जावं. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "विचार करण्यासारखं आहे."

आमच्या वेस्टरडालमध्ये हे वाक्य आलं की समोरचा माणूस विषय सोडून हवामानाकडे वळतो. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि सभेची तारीख ठरवून टाकली.

११ जानेवारी, शुक्रवार

मी शाळा मंडळाची अध्यक्ष आहे. कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं आणि नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. आता यावर मत द्यावं लागणार.

खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही. हॉकी बंद व्हावी असं मला वाटत नाही. का, तर माझ्या काउंटरसाठी. माझा नवरा हॅरल्ड गेल्यापासून हिवाळ्यातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी मला कुठेतरी जायचं असतं. बाकीच्या संध्याकाळी मी भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतंय ना ते तपासते.

अध्यक्षाने स्वतःच्या कॉफीच्या किटलीसाठी मत द्यायचं नसतं. माझी इच्छा इतकी साफ आहे की ती चुकीचीच असणार. गावाला काय हवं ते पाहायला हवं.

१४ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी कोच आला. मेनार्ड त्याचं नाव, पण त्याची आईसुद्धा त्याला कोचच म्हणायची. दारातच उभा राहिला.

"आत ये."

"नको, बुटांना बर्फ आहे."

"ये रे."

"तुझी जेवायची वेळ असेल."

"ये म्हणते ना."

मग आला. आम्ही त्याच्या गाडीच्या बॅटरीबद्दल बोललो, नंतर माझ्या छपराबद्दल, नंतर पुन्हा बॅटरीबद्दल. त्याने रुबार्बच्या तीन वड्या खाल्ल्या. उठताना म्हणाला, "तुम्हा लोकांना योग्य वाटेल ते करा. माझ्यासाठी म्हणून काही अडवून धरू नका."

"तुला काय वाटतं, कोच?"

"मला? छे. मला काय." टोपी घालायला त्याला बराच वेळ लागला. डोळे पाणावलेले होते. बाहेर शून्याखाली वीस आहे, सगळ्यांचेच पाणावतात.

बिचारा थकलाय. तीस वर्षं मुलांच्या पाठीमागे ओरडून कोण थकणार नाही? त्याला मोकळं व्हायचंय आणि माझ्यासमोर तसं म्हणवत नाहीये. त्याच्यासाठी तरी बंद करायला हवी.

१९ जानेवारी, शनिवार

सकाळी पायरीवर झाकलेला हॉटडिश, भट्टीत भाजलेलं जेवण. वर बटाट्याचे गोळे, खाली खिमा. कुणी ठेवला ते कळलं नाही. परवा नूडल्सचा होता. त्याआधी मक्याचा. गावात माझ्याबद्दल फार सहानुभूती दिसते. अवघड काम माणसाकडून करवून घेताना त्याला जेवू तरी घालावं, असा विचार असणार.

तिन्ही भांडी हिरव्या-पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती. शाळेचे रंग. दुकानात त्या रंगाच्या टॉवेलवर सूट असावी.

लावॉन येऊन गेली. माझी नणंद, हॅरल्डची धाकटी. तिला म्हटलं, "लोक किती समजूतदार आहेत बघ."

"हो," ती म्हणाली. "औषधांच्या दुकानाच्या खिडकीत ड्वेनने सगळ्या जुन्या संघांचे फोटो लावलेत. पार सुरुवातीपासूनचे."

"निरोप द्यायची तयारी."

लावॉन माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल." आणि मक्याचा हॉटडिश घेऊन गेली.

२२ जानेवारी, मंगळवार

हरलो. पाच-दोन. बरं खेळले.

दुसऱ्या सत्रात ऑर्लिनने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बंद करणार म्हणे."

"चर्चा आहे."

"हं." आत आपण गोल केला, सगळे ओरडले. तो वळला नाही. "मग मंगळवारी तुम्ही काय करणार?"

मी काय सांगणार होते? एकटी बाई घड्याळाकडे बघत बसणार, असं सांगून कुणाच्या गळ्यात ओझं घालायचं? म्हणाले, "पाय वर करून बसेन. विणकाम पडलंय."

"चांगलं आहे ते," तो म्हणाला.

"हो ना."

"कॉफी बरी आहे आज."

"रोजचीच आहे."

जाताना दाराची कडी सापडेना त्याला. त्या दाराला कडी नाही, ढकलायचं असतं.

३० जानेवारी, बुधवार

कडाका. शून्याखाली पस्तीस. शाळा बंद. केसलरबाई शाळेत पोचल्या, तिथे कुणीच नव्हतं, परत आल्या.

आपली मुलं घ्याल का म्हणून पाइन पोर्टेजच्या शाळा मंडळाला फोन केला. आयुष्यभर ज्यांच्या नावाने नाक मुरडलं त्यांना. त्यांची अध्यक्ष गुड्रन मोए. मी फार गोड बोलले. तीही फार गोड बोलली.

"अगं त्यात काय, पाठवा ना! आमच्याकडे सव्वीस आहेत, त्यात चार-पाच आणखी, कुठे कळणार आहेत."

"तुम्हाला अडचण नको."

"अडचण कसली!" मग फोनवर इतकी शांतता झाली की लाइन गोठली असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "आमचा कोच खूश होईल. तो... खूश होईल."

माणसं चांगली आहेत ती. उगाच नावं ठेवत होतो.

४ फेब्रुवारी, सोमवार

सभा झाली. सगळं नीट लिहून काढते.

शाळेचा व्यायामाचा हॉल भरला होता. शेवटच्या ओळीत लोक उभे. केसलरबाईंनी आकडे सांगितले, पाइन पोर्टेजचा होकार सांगितला आणि म्हणाल्या, "आता ज्यांना बोलायचं त्यांनी बोलावं. मोकळेपणाने."

कुणी बोललं नाही. त्या हॉलमध्ये मोकळेपणाने असं कुणी पूर्वी म्हटलेलं मला आठवत नाही.

मग औषधवाला ड्वेन उठला. हॉलच्या छपरातून गळतंय त्याचं काय, असं विचारलं. त्यावर बराच वेळ चांगली चर्चा झाली. बाईंनी पुन्हा हॉकीवर आणलं. एक आजोबा म्हणाले, माझा नातू तिकडे जाईल, हरकत नाही, गाडी चालवायला त्याला शिकायचंच आहे. मिसेस ओस्लंड म्हणाल्या, आमच्या घरात चार पिढ्या खेळल्या, म्हणजे तसं पाहिलं तर भरपूर झालं. कोचला विचारलं. तो उठला, "मुलांचं भलं होईल ते," म्हणाला आणि बसला.

मी वाट बघत होते. एकाने जरी नाही म्हटलं असतं तर मला म्हणता आलं असतं की गावात दोन मतं आहेत, पुढच्या वर्षी बघू. एकच माणूस हवा होता.

आणि शेवटून ऑर्लिन उठला. सभेत तो कधी बोलत नाही. सभेला येतही नाही. टोपी दोन्ही हातांत. मला वाटलं, हा! हा एकही सामना न चुकवणारा माणूस!

तो म्हणाला, "आर्डिस वीस हिवाळे त्या काउंटरमागे उभ्या आहेत. आता त्यांना बसू द्यावं."

बसला.

लोकांनी माना डोलावल्या. माझे कान तापले. सहा हिवाळे माझी कॉफी प्यायची आणि सगळ्या गावासमोर उठून सांगायचं की पुरे झाली.

मग मी ठराव मांडला. आवाज नीट निघाला. विचारलं, "कुणाची हरकत?" आणि थांबले. ड्वेनचा हात वर गेला. हात कानापर्यंत आला आणि त्याने कान खाजवला. त्याचं खाजवून होईपर्यंत मी थांबले. त्याने बराच वेळ खाजवला.

"कुणाचीच हरकत नाही?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मंडळातल्या सगळ्यांनी हात वर केले. सर्वांत शेवटी मी. एकमताने.

केसलरबाई माझ्या कानात म्हणाल्या, "इतकी शहाणी सभा मी आयुष्यात पाहिली नाही. माझ्या जुन्या शाळेत फुटबॉलच्या गणवेशाचा रंग बदलला तेव्हा लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या."

बाहेर आल्यावर घरी कुणी गेलं नाही. गाड्या चालू ठेवून सगळे पार्किंगमध्ये उभे.

"झालं एकदाचं."

"हो. बरं झालं."

"कुणालातरी करायलाच हवं होतं."

"आर्डिसने छान चालवली सभा."

अर्ध्या लोकांचे डोळे वाहत होते. थंडी फार आहे यंदा.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

घरचा शेवटचा सामना. एवढी गर्दी मी पूर्वी पाहिली नव्हती. गाव सोडून गेलेले लोकसुद्धा आले होते. सगळे म्हणे इकडून चालले होते. हरलो, तीन-दोन. शेवटच्या मिनिटात बरोबरी होता होता राहिली. आमची गोलकीपर ब्रिटा, शेवटच्या वर्षातली, सामना संपल्यावर जाळीत तशीच उभी राहिली. कोचने जाऊन तिला आणलं. दोघंही फार सावकाश आले.

ऑर्लिनशी मी जेवढ्यास तेवढं बोलले. त्याने चार कप घेतले. शेवटचा कप ठेवून म्हणाला, "तर मग."

"तर मग," मी म्हणाले.

तो उभाच होता. मी काउंटर पुसला. तो भाग मी आधीच पुसलेला होता. मग शटर खाली ओढलं. काउंटरखालच्या फटीतून त्याचे बूट दिसत राहिले, बराच वेळ. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. कॉफीचा पाचवा कप असेल.

२० मार्च, बुधवार

आज चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं सूप. आणि तिथे जे झालं ते.

केसलरबाई कोचसमोर बसल्या आणि चांगल्या मनाने म्हणाल्या, "आता कसं हलकं वाटत असेल ना!"

"हो तर," कोच म्हणाला आणि मीठ आणायला आत गेला. मीठ टेबलावर होतं. तो परत येईना. लावॉन आत डोकावून आली आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी हॉकीबद्दल बोलू नका. फेब्रुवारीपासून झोपला नाहीये तो."

बाईंचा चमचा हवेत राहिला. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोच, तुम्हाला हॉकी बंद व्हायला हवी होती का?"

"म्हणजे तसं..." कोच म्हणाला. "नाही."

"मग सभेत का नाही बोललात?"

"गावाला हवं होतं ना. गाव थकलंय."

बाई वळल्या. "ड्वेन! तुम्ही थकलात?"

"मी? नाही बुवा. मला वाटलं, कोचला सुटायचंय. त्याला कशाला अडकवा."

"मिसेस ओस्लंड?"

"अहो, आमच्या चार पिढ्या! पण दुसऱ्यांची मुलं संघात नसताना आपणच पुढे पुढे करणं बरं दिसतं का?"

बाईंनी एकेका टेबलाला विचारलं. अख्ख्या तळघरात एकालाही बंद करायची नव्हती. हॉटडिश माझ्या दारात ठेवणाऱ्यांनी हळूहळू हात वर केले. म्हणे त्यांनी याहून स्पष्ट काय सांगायचं होतं? टॉवेलसुद्धा हिरवे-पांढरे होते.

"आणि तुम्ही, आर्डिस?"

"मला वाटलं, मी एकटीच आहे," मी म्हणाले.

बाईंनी खुर्ची धरली. "मग पुन्हा मतदान घ्या! उद्याच्या उद्या!"

सूप थंड होत होतं. शेवटी ड्वेन म्हणाला, "पण पाइन पोर्टेजने आपल्या मुलांची नावं शर्टांवर शिवून घेतलीत."

"मग?"

"आता नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल?"

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला आणि आवाज मोठा केला. गुड्रन मोए घरीच होती. बाईंनी तिला विचारलं, खरं सांगा, आमची मुलं तुम्हाला हवी आहेत का? गुड्रन म्हणाली, "खरंच सांगू? आमच्याच मुलांना खेळायची पाळी येत नाही. आमच्या कोचने ऐकलं तेव्हा तो जेवला नाही. पण आर्डिसने इतकं गोड विचारलं होतं."

"छान!" बाई ओरडल्या. "म्हणजे दोघांनाही नको! रद्द करू!"

"अगं बाई, नको नको," गुड्रन म्हणाली. "आता नावं शिवलीत. आता आम्ही माघार कशी घेणार?"

"तुम्ही नका घेऊ. आम्ही घेतो!"

"तसं कसं," आमच्या टेबलावरून चार-पाच जण एकदम म्हणाले. "त्यांनी सुई-दोरा घालवलाय."

फोन ठेवायला आणखी पाच-दहा मिनिटं गेली, कारण दोन्हीकडून आभार मानायचे होते.

बाई बशा धुवायला लागल्या. पाळी त्यांची नव्हती. एक बशी भिंतीवर फुटली. "हात निसटला," त्या म्हणाल्या.

"जुनीच होती," मी म्हणाले.

२१ मार्च, गुरुवार

रात्री झोप लागेना म्हणून मोजलं. सगळ्या गावात एकच माणूस उभा राहून म्हणाला होता की बंद करा. काल सूपला तो नव्हता. गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची झोपडी ओढून काढायला गेला होता. असता तर त्यालाही विचारता आलं असतं. विचारायचं काय म्हणा. त्याने सांगितलंच आहे.

एवढी वाईट होती कॉफी?

९ मे, गुरुवार

दुकानात बटाट्यांपाशी ऑर्लिन. मला आडोसा मिळाला नाही.

"पाय कसे आहेत?" त्याने विचारलं.

"जागेवर आहेत," मी म्हणाले आणि सामानाची ढकलगाडी घेऊन निघाले. घरी येऊन पाहिलं तर पिशवीत डब्यातलं अळिंबीचं सूप, दाढीचा साबण आणि कोळसा. दुसऱ्याची गाडी ढकलत आणली होती. पैसेही दिले. परत जाऊन सांगणं बरं दिसलं नसतं. माझे बटाटे कुणाच्या घरी गेले ते मला ठाऊक आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उन्हाळ्यात काही लिहिलं नाही. घड्याळ बरोबर चालतं.

आपली चार मुलं पाइन पोर्टेजकडून खेळतात. शर्टावर नाव आहे, पाठ बाकाला आहे. रिंकवर लहान मुलं संध्याकाळी गोल गोल फिरतात, काउंटरचं शटर बंद.

लावॉनला म्हणाले, "आज सामना असता." मग तोंडातून निघूनच गेलं, की ऑर्लिन स्कौगला जे हवं होतं ते मिळालं.

लावॉनने विणकामाच्या सुया खाली ठेवल्या. "आर्डिस, तुला डोळे आहेत का?"

"मोतीबिंदू काढलाय मागच्या वर्षी. डॉक्टर म्हणाला, उत्तम."

"सहा वर्षं तो माणूस रिंककडे पाठ करून उभा असायचा."

"त्याला पाठीचा त्रास असेल."

लावॉन कोट घालून निघून गेली. निरोपसुद्धा घेतला नाही; आमच्याकडे याला भांडण म्हणतात.

३ डिसेंबर, मंगळवार

सातला खिडकीवर गाडीचा उजेड. ऑर्लिन दारात, टोपी हातात, शून्याखाली असताना.

"इकडून चाललो होतो," म्हणाला.

माझ्या घराशी रस्ता संपतो. पुढे तळं आहे आणि त्यावर अजून गाडी तोलेल इतका बर्फ धरलेला नाही.

"आत या."

"नको, बुटांना बर्फ आहे."

"या."

"तुमचं विणकाम असेल."

"या हो, ऑर्लिन."

आला. कॉफी केली. बसा म्हटलं तर बसेना. ओट्याच्या टोकाला उभा राहिला, कप हातात धरून, खिडकीकडे पाठ करून. आम्ही त्याच्या मुलीच्या बिटाच्या पिकाबद्दल बोललो, लावॉनच्या खुब्याबद्दल बोललो. मग त्याने कप खाली ठेवला, टोपी घातली आणि बाहेर गेला. मला वाटलं, गेला. पण गाडी सुरू झाली नाही. खिडकीतून पाहिलं तर व्हरांड्यात लाकडांच्या ढिगाकडे बघत उभा. थंडीने खांदे कानापर्यंत आलेले.

काही वेळाने पुन्हा दार वाजलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मध्यंतर," तो म्हणाला. "तेव्हा तुमच्याकडे गर्दी असते."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे मी होते आणि एक किटली होती. त्याला दुसरा कप दिला, कारण दुसरं सत्र सुरू झालं होतं.

मग विचारलं, "ऑर्लिन, आपला शेवटचा सामना किती-किती सुटला?"

तो विचारात पडला. "कोणाशी होता?"

"त्याआधीचा?"

"हरलो असू," तो म्हणाला. "आर्डिस, मला हॉकी कळत नाही."

"सहा हिवाळे!"

"कॉफी बरी असते," तो म्हणाला आणि लाल झाला. इकडे कुणी यापुढे जात नाही. काही लग्नं याच्या निम्म्यावर झालीत.

मी विचारलं, "मग सभेत उठून बंद करा का म्हणालात?"

"तुमचे पाय दुखायचे. तिसऱ्या सत्रात तुम्ही काउंटरमागे बूट काढून उभ्या राहायचात. आणि पाय वर करून बसायचंय म्हणालात." कप फिरवत राहिला. "मला वाटलं, माझ्यामुळे तुम्हाला उभं राहावं लागतंय."

"दुखू द्यायचे होते," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. मोठ्याने. लिहून ठेवते, कारण उद्या माझा विश्वास बसणार नाही.

त्यावर दोघंही इतके घाबरलो की पुन्हा बिटांवर आलो. दुसरं मध्यंतर आलं तेव्हा त्याने टोपी उचलली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि फ्रिजवर ठेवली. तिसऱ्या सत्रात तो बसला. मीही बसले. बरी झाली संध्याकाळ.

निघताना दारात तासभर गेला असेल. शेवटी, बाहेर एक पाय ठेवून, तो म्हणाला, "गुरुवारीही कधीकधी सामना असायचा ना?"

"असायचा."

"इथे की बाहेरगावी?"

खरं तर कुठेच नव्हता. वेस्टरडालला आता संघच नाही. माझ्याच हाताने गेला. मी म्हणाले, "बाहेरगावी."

"बाहेरगावचे मी कधी पाहिले नाहीत."

"मीही नाही. काउंटर इथेच होता."

"मग गाडी मी काढतो," ऑर्लिन म्हणाला.

कुठे, ते त्याने विचारलं नाही. मीही नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

आज लिहायला वेळ नाही. तो बाहेर आलाय, गाडी चालू ठेवून उभा आहे. लावॉन पडद्याआडून त्याच्याकडे बघतेय आणि मला म्हणतेय, लिहीत काय बसलीस. हॉर्न तो वाजवणार नाही. वसंत येईपर्यंत तसाच थांबेल. म्हणजे घाई मलाच करायला हवी.